देवाने ओळखलेला चोर

थडगी कोरणाऱ्यांच्या त्या गावात अमून देवाची पालखी निघाली की कुत्रीसुद्धा गप्प बसत. तांब्याची छिन्नी चोरीला गेली होती आणि संशयित मंदिराच्या भिंतीलगत ओळीने उभे होते. पालखी ज्याच्यापुढे झुकेल तो चोर. त्याची रवानगी दूर दक्षिणेच्या कूश देशातल्या सोन्याच्या खाणीत. मागल्या सणाला ती तानेफ्रेतच्या नवऱ्यापुढे झुकली होती. भोयांचा म्होरक्या खाएमोपे याचे थडगे फुकट कोरायला त्याने नुकताच नकार दिला होता. तो खाणीतच मेला. आज ओळीत चौथा उभा होता तिचा मुलगा, इपूय.

"आमचे नुसते खांदे!" पुढच्या दांडीखालून खाएमोपे गरजला. "चाल देवाची, नजर देवाची!"

तानेफ्रेत पुढे आली. वर्षभर प्रत्येक मिरवणुकीत तिने देवाकडे नव्हे, भोयांच्या गुडघ्यांकडे पाहिले होते.

"पंच आजोबा," ती वृद्ध हेसिरेला म्हणाली, "नजर देवाचीच ना? मग भोयांचे डोळे बांधा."

"पोरी, देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची नाही हो, याची!"

"बांधा की!" गर्दीतून आवाज आला. "खाएमोपे, घाम का फुटला रे?"

आता नकार देण्याची सोय उरली नाही. पट्ट्या बांधल्या जाताच तानेफ्रेतने इपूयला बाजूला ओढले आणि त्याच्या जागी पाणी वाहणारे गाढव उभे केले. हेसिरेने हात वर करून सर्वांना गप्प केले.

पावलांच्या अंदाजाने मनात माणसे मोजत खाएमोपे निघाला. चौथ्या जागी पालखी लवून झुकली.

"सापडला चोर!" तो ओरडला. "अगदी बापावर गेलाय!"

गाढवाने कान हलवले. गाव खो खो हसला. खाएमोपेने पट्टी ओढून काढली.

"देवानं... देवानं थट्टा केली."

"मग माझ्या नवऱ्याचीही थट्टाच केली होती का रे?"

मागच्या दांडीचा म्हातारा भोई कळवळला, "आम्हाला वाटायचं, देवच ओढतोय! पुढून याचा गुडघा वाकायचा आणि सगळं वजन आम्हाला पुढं खेचायचं."

हेसिरेने खाएमोपेला खाणीची शिक्षा फर्मावली. त्याचे हात बांधणाऱ्या दोरीची गाठ तानेफ्रेतने स्वतः, मनगटात रुतेल अशी आवळली.

"दया कर, बाई!"

"देवाकडे माग. नजर त्याची."

वाचकहो, चोर शोधायचा तर साक्षी तपासा, घरांची झडती घ्या. आणि पालखी झुकलीच, तर हात जोडण्याआधी खाली वाकून पाहा, गुडघा कोणाचा वाकला आहे.