तिसऱ्या गाडीवरची बॅटरी

माझी आई फोटोग्राफर आहे. दुकानवाली नाही, बोलावतील तिथे जाणारी. शेवगावच्या आसपास बारसं असो, हळद असो, मिरवणूक असो, पुढे आई आणि मागे बॅग घेऊन मी, आशू. पण खंडोबाच्या जत्रेतल्या बारागाड्या तिच्या वाट्याला कधीच आल्या नव्हत्या. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल एकही नाही, वर माणसं खच्चून भरलेली, आणि देवाचा एकटा भगत त्या सगळ्या कमरेला बांधलेल्या दोराने ओढणार. वर्षातून एकदा, जेमतेम दोन मिनिटं. जत्रा कमिटीचे आसारामकाका यंदा कसेबसे तयार झाले होते. बाईमाणसाला या गर्दीत जमलं नाही तर पुढल्या वर्षी परत नगरचा माणूस आणू, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून आईने कॅमेऱ्याची दुसरी, भरलेली बॅटरी माझ्या हातात देऊन बजावलं, की दीपमाळेपासून हलायचं नाही. तिने हात वर केला की पळत यायचं.

पण गेल्याच महिन्यात मी अख्ख्या शाळेसमोर चिठ्ठी न बघता भाषण केलं होतं. तेव्हापासून मला सगळंच जमतं असं वाटायला लागलं होतं. दीपमाळेपाशी नुसती डोकी दिसत होती आणि गाड्या समोरच उभ्या होत्या. वरून मोबाईलवर दोन भारी फोटो काढू आणि उतरू, म्हणून मी तिसऱ्या गाडीवर चढले.

माझ्यामागून माणसं चढतच राहिली. माझे गुडघे एका आजोबांच्या पाठीत रुतले, कोपर कुणाच्या तरी बरगडीत. तेवढ्यात भंडारा उधळला, सगळं पिवळंधमक झालं. आणि समोर, पार पुढे, आईचा हात वर गेला. ती दीपमाळेकडे बघत होती.

"काका, मला उतरू द्या ना," मी शेजारच्या माणसाला म्हणाले.

"आता न्हाई पोरी. भंडारा उधळला की गाडीवरनं पाय खाली ठेवायचा न्हाई. भगताला भोवतं."

असलं काही नसतं, हे मी भाषणात ठणकावून सांगितलं असतं. पण पुढे गोरक्ष भगत डोळे मिटून उभा होता, दोर कमरेत रुतलेला. त्याला काही झालं तर? माझा पाय उचललाच गेला नाही.

मग मी खिशातून कशीबशी बॅटरी ओढून काढली आणि पुढे दिली. फोटोवाल्या बाईंना द्या, म्हणून सांगितलं. बॅटरी हातोहात निघाली, पण निरोप दुसऱ्या गाडीवरच सांडला. पहिल्या गाडीवर भामाबाई होत्या, आमच्या गल्लीतल्या. भंडाऱ्याने माखलेली ती वस्तू त्यांनी कपाळाला लावली आणि प्रसाद म्हणून पदराच्या गाठीत बांधली. मी ओरडले. येळकोटच्या गजरात माझा आवाज एक गाडीसुद्धा ओलांडेना.

हिसका बसला. गाड्या निघाल्या.

आई भगतासमोर उलट्या पावलांनी चालत होती, कॅमेरा डोळ्याला लावलेला. तो बंद पडलाय हे फक्त आम्हा दोघींना माहीत. तरी तिने तो खाली केला नाही. आसारामकाका स्वतः तिच्यासाठी गर्दी मागे सारत होते. मला रडू येत होतं आणि डोळे पुसायलाही जागा नव्हती. दोन्ही हात वरच अडकले होते, त्यातल्या एकात मोबाईल. मी फोटोचं बटण दाबत राहिले.

देवळाशी गाड्या थांबल्यावर मी आईसमोर मान खाली घालून उभी राहिले. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. मोबाईलवर एकच फोटो धड होता: पिवळा धुरळा, भगताची वाकलेली पाठ, ताणलेला दोर आणि समोर कॅमेरा धरलेली आई.

आसारामकाकांनी डोकावून बघितलं. "झकास. बॅनरला लावू. ताई तेवढ्या कापून टाका."

आईने बंद कॅमेरा गळ्यातून काढला. "माझ्या कॅमेऱ्यात एकही आला नाही, भाऊ. बॅटरी संपली होती. हाच आहे, पोरीनं काढलेला. लावायचा तर असाच लावा."

काकांनी फोटो परत बघितला. मग शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या भामाबाईंच्या पदराच्या गाठीकडे बघितलं. काकांना कुणीतरी सगळं सांगितलं असावं.

"पुढल्या वर्षी बॅटऱ्या चार आना," ते म्हणाले, "आन हिला दीपमाळेला बांधून ठेवा."