बावीस वेळा काळीज, एकदा पुरावा

“बाई, परवा सभेत तुम्ही रडलात, ते रडू खरं होतं का?”

हौसानं हे विचारलं मात्र, आणि सातवीच्या वर्गातल्या सगळ्या वह्या एकदम तोंडांसमोर गेल्या. हसू दाबायला वहीसारखी चीज नाही. प्रश्न हौसाचा नव्हताच मुळी. तो होता चिंगीचा, पण चिंगीची छाती झाली नाही म्हणून तिनं पैज लावली होती. हौसानं विचारलं तर चैत्रातली पहिली पिकली करवंदं, दोन द्रोण भरून. नाही विचारलं तर आठवडाभर चिंगीचं दप्तर हौसानं वाहायचं. आता औंढ्याहून लोणावळ्याच्या शाळेपर्यंत रोजची पायपीट करणाऱ्या पोरीला एकच दप्तर जड होतं, दुसरं कोण वाहणार?

सभा झाली होती ती मुलींना पुढं शिकवा असं सांगायला. गोगटेबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता मध्येच थांबल्या, चष्मा काढून त्यांनी डोळे टिपले. झालं. अर्धा बाजार बसला होता समोर, त्यानं पदर आणि उपरणी डोळ्यांना लावली.

आता छडी येणार म्हणून हौसानं हात आधीच अर्धा पुढं केला होता. बाईंनी मात्र खडू उचलला.

“रडू खरं होतं,” त्या म्हणाल्या. “पण ते कुठल्या वाक्याला येऊ द्यायचं, हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं.”

वह्या खाली आल्या. त्या दिवशी भूगोल झाला नाही. बाईंनी स्वतःचंच भाषण फळ्यावर फाडून दाखवलं, बाजारात फणस फोडून गरे वेगळे करतात तसं. इथं मी माझी अठरा वर्षांची नोकरी सांगितली, ती पत. ऐकणाऱ्यानं माझ्यावर भरवसा ठेवावा म्हणून. इथं माझी मेलेली बहीण आली, ते काळीज. आणि इथं, किती मुली पास झाल्या आणि त्यांचं पुढं काय झालं ते सांगितलं, तो पुरावा. कोणीही कोणाला काही पटवायला निघाला की या तीन जिनसांतलंच काहीतरी तुमच्या पुढ्यात टाकतो.

चिंगीनं विचारलं, मग काळजाला हात घालणं वाईट का? बाई म्हणाल्या, अजिबात नाही, माझी बहीण खरोखरच गेली. पण कोणी नुसता काळजालाच हात घालत राहिला, तर दुसऱ्या हातानं तो काय करतोय ते बघावं.

हौसाला त्या दिवसापासून जणू तिसरा डोळा फुटला. बाजारात चिक्कीवाला म्हणाला, आमच्या वडलांच्या हातची चिक्की साहेब लोक आगगाडी थांबवून न्यायचे. हौसा चिंगीच्या कानात म्हणाली, पत. देवळात पुराणिक बुवांचा आवाज बरोबर दक्षिणेचं ताट फिरायच्या आधी कापरा झाला. हौसा म्हणाली, काळीज. आणि घरी रतनबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, नऊ महिने पोटात वागवलं ते काय असली कामं चुकवायला, असं सुरू केल्यावर हौसा शांतपणे म्हणाली, आये, हे काळीज झालं, आता पुरावा दे. पुरावा उलथन्याच्या दांड्यानं मिळाला आणि दोन दिवस पाठीवर राहिला.

पण ही सगळी मस्करी चालली असताना मस्करी नसलेली एक गोष्ट हौसाच्या दप्तरात घडी करून पडली होती. पुण्याच्या ट्रेनिंगचा अर्ज. सातवीची फायनल पास झाली की दोन वर्षं बोर्डिंगात राहायचं आणि मास्तरीण होऊन यायचं. बाईंनी अर्ज स्वतःच्या हातानं भरून दिला होता, फक्त खाली बापाची सही पाहिजे होती. पंधरा दिवसांच्या आत. हौसाचा बाप अंबाजी हा मनानं लोण्यासारखा गडी, पण लोणी ज्याचं बोट लागेल त्याचा ठसा घेतं. सही करतो म्हणाला, आणि मग म्हणाला, एकदा आबांच्या कानावर घालू.

आबा म्हणजे कोंडाजी आबा, अंबाजीचा थोरला चुलता. अख्ख्या औंढ्यात बैठक असली की शेवटचं बोलणं आबांचं. बांधाचं भांडण असो की सोयरीक, आबा बोलले की समोरचा नुसता हो म्हणत नसे, डोळे पुसत हो म्हणत असे.

हौसानंही तयारी केली. आठ दिवस गोठ्यात चांदी म्हशीपुढं उभं राहून तिनं भाषण घोटलं. पत कुठं, काळीज कुठं, पदर डोळ्याला कुठं, सगळं ठरलं. चांदीनं एकदाही हरकत घेतली नाही.

रविवारी सकाळी आबा आले आणि पडवीत घोंगडीवर बसले. अंबाजी समोर बसला. बायकांनी आत माजघरात. रतनबाईनं चुलीवर आधण ठेवलं आणि हौसाच्या पुढ्यात आंबेमोहोर तांदळाचं सूप सरकवलं, नीट निवड म्हणाली. आबा जेवल्याशिवाय जायचे नव्हते.

आता तांदूळ निवडताना सुपात तीन गोष्टी सापडतात हे कोणालाही ठाऊक आहे. तुसासकट राहिलेली साळ, काळा पडलेला दाणा आणि खडा. हौसानं कान पडवीत लावले, आणि तिच्या डोक्यात वीज चमकली. आबांनी पत काढली की सुपाच्या एका कोपऱ्यात एक साळ. काळजाला हात घातला की दुसऱ्या कोपऱ्यात एक काळा दाणा. पुरावा दिला की तिसऱ्या कोपऱ्यात एक खडा.

“अंबाजी,” आबांनी सुरुवात केली, “तुज्या बारशाला मी हुतो.” साळ. “तुजा बा गेला, तवा ह्याच हातानं त्येच्या तोंडात पानी घातलं.” साळ आणि काळा दाणा, दोन्ही. मग आबा रंगात आले. एकुलती पोर, सणासुदीला रिकामं घर, रतनबाईच्या हाताखाली कोण, उद्या आजारी पडलास तर पाण्याचा तांब्या कोण देणार. हौसाचे हात पाखरासारखे चालू लागले. काळे दाणे पुरेनात, शेजारच्या डब्यातले चार उडीद घ्यावे लागले. मध्येच तिचेही डोळे भरून आले, तेव्हा तिनं स्वतःवर चिडून आणखी एक दाणा टाकला.

सगळ्यात शेवटी आबा म्हणाले, “आन् कामशेतच्या भिमाजीची सारजा गेलती की पुन्याला, ह्याच ट्रेनिंगाला. दोन म्हैन्यात माघारी आली. का आली?”

खडा. एकच, पण चांगला टपोरा.

बाहेर अंबाजी नाक ओढत व्हय आबा, व्हय आबा म्हणत होता. सही गेली. हौसा दाराच्या फटीतून बापाचं तोंड बघायला उठली, तेवढ्यात आधण उकळलं म्हणून रतनबाईनं सूप उचललं, तांदूळ घाईघाईनं एका पाण्यातून काढले आणि चुलीवर ओतून मोकळी झाली.

पंगत बसली. आबांच्या तोंडात मोजून सात दात. तिसऱ्याच घासाला त्यातल्या एका दाताखाली असा कडाका वाजला, की गोठ्यात चांदीनं कान हलवला.

पाहुण्याच्या घासात खडा म्हणजे घरच्या बाईचं नाक गेलं. रतनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. आबांनी खडा तळहातावर काढला, उजेडात धरला आणि विचारलं, तांदूळ कुणी निवडलं? शहाण्या पोरीनं इथं चुकलं म्हणून पाया पडावं. पण सहीच गेल्यावर शहाणपण कशासाठी राखून ठेवायचं?

“मी निवडलं,” हौसा म्हणाली. “पर आबा, त्यो खडा तुमचाच हाय.”

अंबाजीचा हात ताटातच राहिला. मग हौसानं सगळं सांगून टाकलं. बाईंचा फळा, साळ, काळे दाणे, खडा. चौदा वेळा पत, बावीस वेळा काळीज, पुरावा एकदाच. रतनबाईनं कपाळाला हात लावला. आबांनी ताटाकडं बघितलं. भातात अजून दोन उडीद दिसत होते.

“बावीस?” आबांनी हळूच विचारलं. आवाजात राग शोधला असता तर सापडला नसता, थोडा अभिमान मात्र होता.

“बावीस. माज्यासकट.”

“आन् पुरावा एकच.”

“एकच. त्यो बी तुमच्याच दाताखाली आला.”

आबांच्या छातीतून आधी नुसताच घरघर आवाज आला. मग खांदे हलायला लागले, तेव्हा कळलं की म्हातारा हसतोय. अंबाजी घाबरत घाबरत हसला. रतनबाई हसली नाही, तिनं आबांना दुसरं ताट वाढलं.

जेवण झाल्यावर आबांनी पान लावलं आणि हुकूम सोडला. माझं झालं, आता हिला उभी करा. मी तिचं मोजतो.

ही तर हौसाला पर्वणीच. ती उभी राहिली, पदर खोचला आणि सुरू झाली. दोन वाक्यं होतात न होतात तोच रतनबाई दारातून म्हणाली, “हे तर तू आठ दिस म्हशीफुडं म्हनतीयास. फुडं रडायचं हाय तुला.”

संपलं. ज्या रडण्याचा आधीच बोभाटा झाला ते कसलं येतंय? हौसा अडखळली. मग म्हणाली, गोगटेबाई सांगतात की मला जमेल, आणि त्या अठरा वर्षं शिकवतायत.

“ही पत झाली,” आबा म्हणाले. आणि सुपारीचं खांड बोटानं एका बाजूला सरकवलं. “ती बी दुसऱ्याची.”

इतका लवकर शिकणारा विद्यार्थी गोगटेबाईंना उभ्या जन्मात मिळाला नसेल. हौसाच्या बाजूला खडा एकसुद्धा निघेना. शेवटी आबाच म्हणाले की दोघांत मिळून पुरावा एकच आहे, सारजा का माघारी आली. मलाही नेमकं ठाऊक नाही, ऐकीव आहे. मग ते तरी खणून बघू. अंबाजीनं हुश्श केलं. त्याला कोणीतरी ठरवून देणारं हवंच होतं. म्हणाला, सारजा सांगेल त्यावर सही.

मंगळवारी आबा आणि हौसा लोणावळ्याला गाडीत बसले आणि कामशेतला उतरले. भिमाजीचं तांदळाचं दुकान ठेसनापासून हाकेच्या अंतरावर. सारजा मागच्या अंगणात कोंडा पाखडत होती. अठरा वर्षांची असेल. हौसा कशासाठी आली ते ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

तिनं जे सांगितलं ते हौसा मनात साठवत गेली. जेवण चांगलं. शिकवणं चांगलं. पहिल्या चाचणीत ती तिसरी आली होती. हौसाचं तोंड फुलत चाललं, आबांचं उतरत चाललं.

“मग का आलीस, बया?” आबांनी विचारलं.

सारजानं पायाच्या अंगठ्यानं कोंडा सारखा केला. म्हणाली, पहिल्याच दिवशी बोर्डिंगच्या मोठ्या बाईंना मी मावशी म्हटलं. आपल्याकडं म्हणतोच ना? चाळीस पोरी हसल्या. त्या दिवसापासून माझं नाव मावशी. जेवताना मावशी, वर्गात उभी राहिले की मावशी, झोपताना दिवा मालवला की अंधारातून मावशी. मी बोलायचीच बंद झाले. ज्या पोरीला तोंड उघडायचं भ्या वाटतं, ती मास्तरीण काय होणार? “कुनी मारलं न्हाई,” ती म्हणाली. “कुनी उपाशी ठिवलं न्हाई. घरी काय सांगू? म्हनून न्हाई करमलं असं सांगितलं.”

मग तिनं हौसाकडं बघितलं. “तू जानार हाईस?”

हौसानं खाली ठेवलेलं सूप उचलून तिच्या हातात दिलं.

परतीच्या गाडीत हौसाचं डोकं चाकांच्या पुढं पळत होतं. जेवण चांगलं, शिकवणं चांगलं, सारजा तिसरी. एवढंच सांगितलं तर? त्यात खोटं काय होतं? तीन खडे, तिन्ही खरे, आणि माघारी का आली तर न्हाई करमलं, जे सारजानं स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. मळवली ठेसन आलं तोवर ते भाषण तयारसुद्धा झालं, आणि म्हशीपुढं घोटलेल्यापेक्षा दसपट चांगलं झालं. तिनं चोरून आबांकडं पाहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते.

“मी काय बोलनार न्हाई,” ते तिकडंच बघत म्हणाले. “काय सांगायचं त्ये तुजं तू बघ.”

म्हाताऱ्यानं असा डाव टाकला होता, की त्याला बाईंच्या फळ्यावर जागाच नव्हती.

घरी अंबाजी आणि रतनबाई पडवीत वाट बघत बसले होते. अर्ज घोंगडीवर उलगडून ठेवला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर अडकित्ता. आबा खांबाला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. हौसा उभीच राहिली. जेवणाचं सांगितलं, शिकवण्याचं सांगितलं, तिसऱ्या नंबराचं सांगितलं. अंबाजीचा चेहरा उजळला, हात अडकित्त्याकडं गेला. तिथं थांबता आलं असतं.

मग तिनं उरलेलंही सांगितलं. मावशी, चाळीस पोरी, दिवा मालवल्यावरचा अंधार, सगळं. अंबाजीचा हात मागं आला.

“मंजी आबांचं खरं निगालं की,” तो म्हणाला.

“व्हय, खरं निगालं,” हौसा बापाला म्हणाली. “मी बी तसंच बोलती. मला बी हसत्याल, दादा. आये, मी रडतबी असंन तितं, तुला सांगून ठिवते. पर सारजाला ठावं नव्हतं आन् मला ठावं हाय. त्यांनी मला मावशी म्हनून हाक मारली, तर मी ‘काय गं पोरी’ म्हनून वळंन. मी पुन्याला जानार.”

अंबाजीचा हात पुन्हा अडकित्त्याकडं गेला.