कूलरची ओळ

हेमा खांबेटे लग्न होऊन आखातातल्या मनामाला आली तेव्हा तिच्या सामानात दोन पैठण्या होत्या आणि एक ट्रंक भरून फोटोस्टॅटचे कागद होते. पुण्यात ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि पीएच.डी. करत होती. विषय ऐकला की लोक आधी हसायचे. तीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एक कवी होऊन गेला. बड्या लोकांची टिंगल करणाऱ्या कविता तो लिहायचा. त्या कवितांची इंग्रजीत जी पहिलीवहिली भाषांतरं झाली, त्यांचा अभ्यास हेमा करत होती. नवरा चंद्रशेखर त्या कवीला 'तुझे फ्रेंच बुवा' म्हणायचा. "बुवांना एसी लागतो का गं?" असं विचारून त्याने ट्रंक बेडरूममध्ये ठेवून घेतली होती. स्वभावाने तो चांगला होता, फक्त भांडणतंटा म्हटलं की तो काढता पाय घ्यायचा.

चंद्रशेखर एका बांधकाम कंपनीत डिझाइन इंजिनियर होता. त्याला तिथे आणलं होतं श्रीनिवास तेलंगांनी. तेलंग कंपनीचे जनरल मॅनेजर आणि मनामातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. नवीन माणूस आला की त्याला फ्लॅट बघून द्यायचा, पहिल्या आठवड्याचं जेवण घरी घालायचं, बायको बाळंतीण झाली तर डिंकाचे लाडू पाठवायचे, हे सगळं तेलंग करत. हेमाला मुलगी झाली तेव्हाही लाडू त्यांच्याकडूनच आले. आणि केलेलं ते विसरत नसत, दुसऱ्यालाही विसरू देत नसत. त्यांच्या घरच्या पंगतीत श्रीखंडाची वाटी पुढे आली की यजमानांचं कौतुक करायचं, हा अलिखित नियम होता. कोण बोललं आणि कोण नाही, हे त्यांच्या लक्षात राहायचं.

हेमाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये डॉमनिक तुस्कानो आणि त्याची बायको फ्लॉरेन्स राहायची. दोघं वसईची. फ्लॉरेन्स सरकारी हॉस्पिटलात नर्स होती आणि डॉमनिक तेलंगांच्याच कंपनीत, तुबलीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी तो चर्चहून परतला की हेमाकडे चहाला टेकायचा. मराठी पुस्तकांचं त्याला वेड होतं.

असाच एका शुक्रवारी, उन्हाळा ऐन भरात असताना, तो म्हणाला, "ताई, आमच्या यार्डात एक नवीन गंमत आहे. गार पाण्याच्या कूलरला कुलूप."

"कुलूप? कशाला?"

"तेलंगसाहेबांचं म्हणणं, गार पाण्याच्या नावाखाली माणसं सावलीत रेंगाळतात. म्हणून बारा वाजले की कुलूप, आणि किल्ली ऑफिसात. वेल्डर लोक नळाचं पाणी पितात. गच्चीवरच्या टाकीतलं ते. हात भाजतो, ताई, तोंडात कसं घेणार?"

चंद्रशेखर पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं. "बोलू नकोस बाहेर कुठे," एवढंच तो म्हणाला.

हेमाही बाहेर बोलली नाही, पण तिने ते लिहिलं.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, गणपतीच्या अंकासाठी मंडळाने तिच्याकडे लेख मागितला. तिने आपल्या अभ्यासाचाच विषय घेतला. त्या फ्रेंच कवीचा पहिला इंग्रज भाषांतरकार मोठा खटपट्या माणूस. त्याने मूळ कवितेतले पॅरिसचे रस्ते पुसून लंडनचे घातले आणि फ्रेंच सरदारांच्या जागी लंडनचे सरदार बसवले. परक्या गावची थट्टा त्याने स्वतःच्या गावात आणून सोडली. नंतरच्या भाषांतरकारांनी मूळ नावं तशीच ठेवली, खाली टिपा दिल्या आणि कविता मुळमुळीत करून टाकली. हेमाला हा पहिला माणूस आवडायचा, पण रागही यायचा त्याचा. कारण एक सरदार खवळून अंगावर आला, तेव्हा याने छापून टाकलं की शब्द सगळे फ्रेंच माणसाचे आहेत, आपण नुसते दुभाषे. हेमाने मूळ फ्रेंच तपासलं होतं. ते शब्द तिथे नव्हते. प्रबंधात तिने त्याला सरळ 'भित्रा' म्हटलं होतं.

या पहिल्या भाषांतरकाराची रीत मराठी वाचकाला कळावी म्हणून तिने लेखाच्या शेवटी एक नमुना दिला. फ्रेंच कवितेतला जेवणावळी घालणारा श्रीमंत माणूस तिने मनामात आणला. उदाहरण म्हणून, असं ती स्वतःला सांगत राहिली. गणपतीच्या कार्यक्रमात, भाड्याच्या हॉलमध्ये, तिने तो वाचूनही दाखवला:

या, बसा हो, घ्या ना श्रीखंड, पुरी अजून दोन,
माझ्यावाचून मनामात या तुम्हां विचारतो कोण?
यार्डात माझ्या बारा ठोक्यांस कुलूप कूलरला,
तहान लागते मजुरास? मग घाम दिला की त्याला!

पहिल्या दोन ओळींना हॉल हसला. तिसऱ्या ओळीला हसू अर्ध्यात अडकलं आणि माना हळूहळू पहिल्या रांगेकडे वळल्या. तेलंग हसत होते. ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मागच्या रांगेत डॉमनिकने मान खाली घातली होती. त्याच क्षणी हेमाला कळलं, आपण काय करून बसलो ते. कुलपाची गोष्ट यार्डाबाहेर एकाच माणसाने नेलेली असू शकत होती.

पुढच्या आठवड्यात डॉमनिकला सांगण्यात आलं की त्याचा व्हिसा रिन्यू होणार नाही. फ्लॉरेन्स समोरच्या दारातून आली ती युनिफॉर्ममध्येच. तिने आरडाओरडा केला नाही.

"ताई, तुम्ही लिहिलंत ते खरं होतं," ती म्हणाली. "पण विचारायचं तरी त्याला. त्याच्या तोंडचं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी हेमा तेलंगांच्या ऑफिसात गेली. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

"कवितेचा मला राग नाही हो, हेमाताई," ते म्हणाले. "साहित्य आहे ते. राग आहे तो घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेणाऱ्याचा."

"डॉमनिकला काढू नका. चूक माझी आहे."

तेलंगांनी बशीवरचा कप उचलला, पुन्हा ठेवला. "एक करता येईल. तुम्ही भाषांतर केलंत, नाही का? मग मंडळात उभं राहून सांगा, की कुलपाची गोष्टही त्या फ्रेंच कवितेतच आहे. पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा द्या. म्हणजे डॉमनिक काही बोललाच नाही असं होईल. जो बोललाच नाही त्याला मी कशाला काढू?"

"तीनशे वर्षांपूर्वी कूलर नव्हते, तेलंगसाहेब."

"विहीर असेल. रांजण असेल. तुम्ही विद्वान आहात, काय होतं ते तुम्ही ठरवा."

हेमा घरी आली. ट्रंक उघडून तिने तिसरं प्रकरण काढलं, भित्र्या भाषांतरकाराचं. वाचवेना म्हणून परत ठेवून दिलं. चंद्रशेखर म्हणाला, "देऊन टाक ना खुलासा. कुणाचं काय जातं?" आणि तिलाही त्या दिवशी वाटलं, खरंच, कुणाचं काय जातं?

कोजागिरीच्या कार्यक्रमात ती उभी राहिली. मूळ फ्रेंच कवितेत श्रीमंत माणूस चाकरांच्या पाण्याच्या रांजणाला कुलूप लावतो, आपण रांजणाचा कूलर केला, बाकी काही नाही, असं तिने सांगितलं. आवाज अजिबात कापला नाही, याचंच तिला नंतर आश्चर्य वाटलं. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मसाला दुधाचे पेले फिरू लागले.

पुढच्या अंकात तिचा दोन ओळींचा खुलासा छापून आला आणि डॉमनिकचा व्हिसा रिन्यू झाला. तो शुक्रवारी आला, पण आत बसला नाही.

"थँक्यू म्हणायला आलो, ताई. नोकरी राहिली." जाता जाता तो दारातून वळला. "पण एक सांगू? कुलूप अजून आहे. आता तेही खोटं झालं. पोरांना मी काय सांगू, तुमची तहान फ्रेंच आहे?"

त्यानंतर त्याचं चहाला येणं बंद झालं. पुढे महिन्याभरात त्यांनी जिदहफ्सला घर बघितलं आणि ते तिकडे राहायला गेले. हेमाने ट्रंकेला हात लावणं सोडून दिलं.

पुढच्या जूनमध्ये नझीर पडला. आजमगढकडचा वेल्डर होता तो, जेमतेम पंचविशीचा. दुपारच्या उन्हात गर्डरवर काम करता करता असंबद्ध बडबडायला लागला आणि खाली कोसळला. डॉमनिकने त्याला जीपमध्ये घालून हॉस्पिटलात नेलं. फ्लॉरेन्सची तेव्हा ड्यूटी होती. तिनेच हेमाला फोन केला. पूर्वीसारखं 'ताई' म्हणाली नाही.

"उष्माघात आहे. वाचेल असं डॉक्टर म्हणतायत. शुद्धीत येतो तेव्हा पाणी मागतो आणि दिलं की गिळता येत नाही. तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं."

हेमा दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेली. नझीर बर्फाच्या पिशव्यांमध्ये निजला होता, ओठांना खपल्या धरल्या होत्या. तिला त्याने ओळखण्याचं कारणच नव्हतं. तिने त्याच्या पायांवरचं पांघरूण उगाचच सारखं केलं आणि ती निघाली.

संध्याकाळी चंद्रशेखर घरी आला तो बूट न काढताच सोफ्यावर बसला. कंपनीच्या मालकांचा मुलगा नजीब नुकताच विलायतेहून शिकून आला होता. त्याने चौकशी सुरू केली होती. डॉमनिकने त्याला कुलपाचं स्पष्ट सांगितलं. त्यावर तेलंगांनी मंडळाचा अंक समोर ठेवला, हेमाचा खुलासा उलगडून दाखवला. म्हणाले, हा कुलपाचा किस्सा एका जुन्या फ्रेंच कवितेतला आहे, मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे. फोरमनने तिथे ऐकला आणि आता स्वतःची जबाबदारी टाळायला माझ्या गळ्यात घालतोय.

"म्हणजे नझीर पडला तो डॉमनिकच्या चुकीने?"

"तसंच ठरतंय." चंद्रशेखरने चष्मा काढला. "उद्या मला विचारणार आहेत. हेमा, मी दुपारी यार्डात कधी गेलोच नाही गं. सात वर्षांत एकदाही नाही. काय सांगू?"

"मी येते," हेमा म्हणाली.

"तू आलीस की आपलं इथलं खलास. कळतंय ना?"

"कळतंय."

त्याने वाकून बूट काढले. मग म्हणाला, "आठला निघू."

नजीबच्या ऑफिसात तेलंग आधीच बसले होते. डॉमनिक दारापाशी उभा होता. हेमाला पाहून त्याने नजर वळवली. नजीबने तिला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही या कवितेच्या तज्ज्ञ आहात असं ऐकतो. कुलूप कवितेत आहे?"

"नाही."

"हेमाताई, शब्द जपून वापरा," तेलंग मराठीत म्हणाले.

"मूळ फ्रेंच कवितेत नाही, तिच्या एकाही इंग्रजी भाषांतरात नाही. रांजण नाही, विहीर नाही. ती ओळ माझी आहे. कुलूप तुमच्या यार्डातलं आहे. मला ते डॉमनिकने सांगितलं, नझीर पडण्याच्या आदल्या वर्षी."

"मग इथे छापलंय ते?" नजीबने अंकावर बोट ठेवलं.

"खोटं आहे. याची नोकरी जात होती म्हणून लिहिलं."

"आणि आज त्याची नोकरी जाणार नाही?"

"ते तुमच्या हातात आहे," हेमा म्हणाली. "पण मी लिहिलेल्या खोट्यासाठी जाऊ नये."

नजीबने चंद्रशेखरकडे पाहिलं. चंद्रशेखरच्या कपाळावर एसीतही घाम आला होता. "मी कुलूप पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "पण गच्चीवरच्या टाक्यांचं डिझाइन माझं आहे. त्यांना सावली नाही. उन्हाळ्यात त्यातलं पाणी पिता येत नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे."

तेलंगांचा चेहरा उतरला. रागापेक्षा त्यात दुखावलेपण जास्त होतं. "तुमच्या मुलीला न्यूमोनिया झाला होता, तेव्हा रात्रंदिवस माझी गाडी तुमच्या दाराशी होती," ते हेमाला म्हणाले. "ते नाही लिहिलंत कुठे."

"नाही लिहिलं," हेमा म्हणाली. "लिहायला हवं होतं."

त्याच दिवशी कुलूप निघालं. महिन्याभरात यार्डात दुसरा कूलर आला, टाक्यांवर पत्र्याचं छप्पर झालं. तेलंग मात्र जागेवरच राहिले. त्यांच्यावाचून कंपनीचं काम अडणारं होतं आणि नजीबलाही ते माहीत होतं. डॉमनिकची नोकरी टिकली. चंद्रशेखरचं काँट्रॅक्ट संपलं तेव्हा ते कुणी वाढवलं नाही. नझीर घरी परतला, पण त्याची जीभ जड झाली ती झालीच. दोन्ही हात थरथरायचे. वेल्डिंग करणं त्याला पुन्हा जमणार नव्हतं.

खांबेटे निघाले त्या दिवशी मंडळातलं कुणी आलं नाही. टॅक्सीत सामान चढत असताना फ्लॉरेन्स आली. हातात वाटेसाठी केलेल्या पोळ्यांचा डबा होता. "डॉमनिकची शिफ्ट आहे," ती म्हणाली. ते खरं असेल किंवा नसेलही. हेमाने विचारलं नाही.

"त्याला सांग..." हेमा म्हणाली आणि पुढचं तिला सुचलं नाही.

"सांगते," फ्लॉरेन्स म्हणाली. तिने डबा हेमाच्या मांडीवर ठेवला, गाडीचं दार बाहेरून लावून घेतलं आणि ड्रायव्हरला हाताने खूण केली, यल्ला, चला.