कच्च्या टाक्यांचा कोट

बेचाळीस वर्षं आमच्या ह्यांनी साऱ्या गावाचे कोट शिवले. माझा मात्र "घरचंच आहे, होईल सावकाश" म्हणत मागे राहिला. शेवटी गेल्या हिवाळ्यात त्यांनी कापड बेतलं, पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घातले, एक बाही राहिली आणि स्वतःच निघून गेले. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायची सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

ते गेल्यावर घरात शहाण्यांचा सुकाळ झाला. हयातभर ज्यांनी त्यांच्या नावानं बोटं मोडली, त्यांना ते आता देवमाणूस वाटू लागले. सूनबाईंनी एक समुपदेशक बाई आणल्या. त्यांनी मला दुःखाच्या पायऱ्यांचा कागद दिला आणि मी कितव्या पायरीवर आहे ते विचारलं. मी म्हटलं, गुडघे दुखतात, मी खालीच बरी. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. जाताना मुलाला बजावून गेल्या की अर्धवट राहिलेल्या गोष्टी पुऱ्या केल्या की मन मोकळं होतं.

मुलगा आज्ञाधारक. मंगळवारी दुपारी पाहते तर खुंटीवर कोट नाही. मला न सांगता त्यानं तो पक्का शिवायला टाकला होता, तोही समोरच्या शिंप्याकडे, ज्याचं तोंड पाहायला हे तयार नसत. पक्की शिलाई म्हणजे कच्चे टाके उसवणार. त्यांच्या हातचं तेवढंच तर माझ्याजवळ उरलं होतं.

चपला उलटसुलट घालून मी रस्ता ओलांडला.

कोट टेबलावर, शेजारी ब्लेड. टाके जागच्या जागी.

"सकाळपासून हात लावीन म्हणतोय, वहिनी," शिंपी म्हणाला. "धीर होत नाही. जन्मभर शिव्या घातल्या त्यानं मला." मग चष्मा सावरून म्हणाला, "टाके वाकडे आहेत पण."

"वाकडेच घालायचे. आणि सांगितलं की फुरंगटून बसायचे."

"दोघं एकत्र शिकाऊ होतो तेव्हा खडूसुद्धा माझाच ढापायचा."

तीन आठवड्यांत त्यांच्याबद्दल कुणी खरं बोललं नव्हतं. मी हसायला लागले आणि हसता हसता त्याच्या स्टुलावर बसून पोटभर रडले. त्यानं समजूत घातली नाही. सुईत दोरा ओवत बसला.

"बाही लावा," शेवटी मी म्हटलं, "पण कच्चीच. बाकीचं तसंच राहू द्या."

गुरुवारी देतो म्हणाला. शेवटी शिंपीच तो. कुठला गुरुवार, ते मी विचारलं नाही.