मेंढवाड्याचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे आणि माझ्या अंगावर मेंढ्यांच्या खुरांचे ओरखडे आहेत. घराच्या दरवाज्यावर लहान मुलांनी खडूने काढलेल्या रेघा असतात, हळदीकुंकवाचे डाग असतात, फार तर मांजरीच्या नखांचे चरे असतात. खुरांच्या खुणा कुणाच्या अंगावर नसतात. त्या माझ्या अंगावर कशा आल्या ते सांगतो. लाकडाला दुखत नाही असं लोक म्हणतात. असेल बुवा. मला त्या दिवसापासून फारसं काही दुखलेलं नाही, एवढं खरं.

पवनानगरच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याकडे उतरत जाणाऱ्या एका वाडीत माझं घर आहे. श्रीपती सुतारांनी मला घडवलं. मोठे तिरसट गृहस्थ होते. फळी वाकडी निघाली तर ते फळीवरच रुसायचे आणि दिवसभर तिच्याशी बोलायचे नाहीत. पण हात असा की बसवल्या दिवशी मी एका बोटाने उघडलो. आता घरात आहे तो निवृत्ती तेव्हा पाळण्यात होता. पुढे त्याच्या लग्नात मला हिरवा ऑइलपेंट मिळाला. शालूबाई नवी नवरी म्हणून माप ओलांडून आत आली तेव्हा मी दोन्ही भिंतींच्या मधे ताठ उभा होतो. आल्यागेल्यांनी माझी तारीफ केली. ती मी मान वर करून ऐकली, खोटं कशाला बोलू.

या घराचं पोट मेंढ्यांवर चालतं. चाळीसेक मेंढ्या, दोन नर आणि हंगामात कोकरं. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो की मेंढ्यांचे पाय ओल्या जमिनीवर सडतात. म्हणून घराच्या बाजूला थोडा उंचावर दगडी भिंतींचा, मुरूम घातलेला मेंढवाडा आहे. निवृत्ती सकाळी मेंढ्या धरणाच्या काठाने चारायला नेतो आणि दिवस मावळायच्या आत परत आणतो. शालूबाई वाड्याच्या तोंडाशी उभी राहून त्यांना आत घेते. मुलगी समीक्षा तळेगावला कंपनीत जाते. अशी तीन माणसं, आणि सगळ्यांचा दिवस मेंढ्यांच्या पोटावर बांधलेला.

मागच्या वर्षी घराची पुढची भिंत फुगली. पावसाळाभर तिला टेकू देऊन ठेवली. पाऊस संपल्यावर पाहिलं तर माझी चौकट वाळवीने पोखरलेली, आढं मधोमध वाकलेलं. आढं म्हणजे छपराच्या कण्यातून जाणारं लांब लाकूड. तेच गेलं तर छप्पर कशावर राहणार? गोरख गवंडी येऊन बघून गेला आणि म्हणाला की सगळं उतरवावं लागेल.

उतरवलं. कौलं अंगणात रचली, भांडीकुंडी मागच्या खोलीत गेली, चूल पडवीत आली. आणि मग गोरख येईना. त्याचाही दोष नाही. धरणाच्या कडेला शहरातल्या लोकांचे बंगले उठतायत आणि तिथे बोलावणं आलं की कुठलाही गवंडी आधी तिकडे जातो. निवृत्ती सकाळी मेंढ्या सोडायचा, त्यांना शेजाऱ्याच्या पडिकात उभ्या करून फोन लावायचा, गोरखची वाट बघायचा, मग पुन्हा मेंढ्यांमागे पळायचा. शालूबाई वाळू चाळायची, कोकरांना पाजायची, भाकरी थापायची, आणि कधी कधी वाळूच्या चाळणीपाशीच बसल्या बसल्या डोळे मिटायची. पहिल्या महिन्यात दोघं भांडायचे. तिसऱ्या महिन्यात भांडायचंही सोडलं. एकमेकांना कामं सांगायचे, बस.

त्या ओढाताणीत घराचं वाड्याला आणि वाड्याचं घराला असं सुरू झालं. पायाला दगड कमी पडले तेव्हा निवृत्तीने मेंढवाड्याच्या मागच्या भिंतीचे वरचे चार थर काढून आणले आणि तिथे काट्याकुट्यांचं कुंपण रचलं. वाड्याचं बांबूचं फाटक कुजून गेलं होतं. मी चौकटीवरून उतरून अंगणात आडवा पडलो होतोच. तेव्हा मला उचलून मेंढवाड्याच्या तोंडाला लावायचं ठरलं. घरचा मालक पाहुणा म्हणून गोठ्यात जावा तसं मला वाटलं, पण मला विचारणार कोण?

लावताना एवढ्याशा गोष्टीवरून दोघांचं वाजलं. निवृत्ती म्हणत होता की वाड्याचं फाटक बाहेर उघडणारं असावं, कारण मेंढरं दाराशीच दाटीवाटीने बसतात. शालूबाईला ते पटेना. आमच्याकडे घराचं दार आत उघडतं. लक्ष्मी येते ती दार आत ढकलून येते, दार बाहेर उघडलं तर तिला मागं सरावं लागतं, असं सगळे मानतात.

"घराचं दार हाये त्ये," शालूबाई म्हणाली. "म्हैन्याभरात परत घरालाच लागायचं. त्याला उलटं कशाला करता?"

निवृत्ती थकला होता. त्याने मला आत उघडेल असाच बसवला आणि बाहेरून तार गुंडाळून टाकली. महिना गेला, दुसरा गेला, आणि मी तिथेच राहिलो.

मेच्या अखेरीस एका मंगळवारी गोरख आला. एकच दिवस आहे, आढं चढवून देतो, उद्या परत बंगल्यावर, असं त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. आकाश भरून येत होतं आणि घराला छप्पर नव्हतं. तो दिवस सोडून चालणार नव्हतं. म्हणून निवृत्तीने कधी करत नाही ते केलं. मेंढ्या चरायला सोडल्याच नाहीत. कडब्याचे भारे टाकून त्यांना दिवसभर वाड्यात ठेवलं, मला लावून घेतलं आणि तो परांचीवर चढला.

धरणाकाठी तंबू लावतात हे तुम्हाला माहीत असेल. शनिवार-रविवारी तिथे माणसं येतात, मटण शिजतं, हाडं फेकली जातात. त्यावर कुत्र्यांची टोळी पोसली गेली आहे. मंगळवारी तंबू रिकामे असतात. कुत्री भुकेली असतात.

दुपार कलायला लागली होती. आढ्याचं एक टोक गोरखने त्याच्या बाजूच्या भिंतीवर घेतलं होतं आणि दुसरं टोक निवृत्तीच्या खांद्यावर होतं. शालूबाई खाली उभी राहून खिळे देत होती. तेवढ्यात माझ्या मागे, वाड्याच्या आत, काटे मोडल्याचा आवाज झाला. पाच-सहा कुत्री मागच्या बुटक्या भिंतीवरून आत उतरली.

मेंढ्या लढत नाहीत. एक जिकडे पळते तिकडे सगळ्या पळतात. आणि रोज ज्या वाटेने बाहेर पडतात ती वाट त्यांना माहीत होती. ती वाट म्हणजे मी.

सगळा कळप माझ्यावर येऊन आदळला. शालूबाई धावत आली, तार सोडली आणि मला आत ढकलू लागली. मी हललो नाही. आतून चाळीस मेंढ्यांचा भार होता. तिने खांदा लावला, पाठ लावली. वाड्याच्या मागच्या बाजूला जाऊन कुत्री हाकलावीत हे तिला सुचलं नाही. गडबडीत माणूस दाराकडेच धावतं, मेंढरासारखं. बाहेरून ती मला ढकलत होती, आतून मेंढ्या मला ढकलत होत्या. दोघांनाही मी उघडायला हवा होतो आणि दोघांच्या ढकलण्यानेच मी बंद राहिलो होतो. माझं काम उघडण्याचं आणि मिटण्याचं, दुसरं काही मला येत नाही, आणि तेवढंही मला त्या दिवशी करता आलं नाही.

तिने नवऱ्याला हाक मारली. निवृत्तीने वरून सगळं पाहिलं. त्याला खांदा काढता येईना. आढं सोडलं असतं तर ते पलीकडे गोरखच्या छातीवर गेलं असतं. गोरखने घाईघाईने दोर मारून आपलं टोक भिंतीला बांधलं, मग निवृत्तीचं टोक परांचीला बांधलं. एक बिडी ओढून व्हावी एवढा वेळ लागला असेल. मग दोघं उड्या टाकून आले. गोरख दगड घेऊन मागे धावला आणि कुत्री पळाली. निवृत्तीने माझ्या बिजागरीत पहार घातली आणि मला खांबापासून उचकटून काढलं. मी बाहेरच्या बाजूला उताणा पडलो. कळप माझ्यावरून गेला. ओरखडे तेव्हाचे आहेत.

जिथे मी उभा होतो तिथे नऊ मेंढ्या पडून होत्या. कुत्र्यांनी दोघींनाच धरलं होतं. बाकीच्या खाली गुदमरल्या होत्या.

त्या दिवशी कोणी रडलं नाही. निवृत्तीने एकेक मेंढी ओढत करंजाच्या झाडाखाली नेली. शालूबाई कळप गोळा करून आली. आपले हात तिने पदराला पुसले, पुन्हा पुसले. गोरख खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, ऱ्हाऊ द्या आजच्याला."

निवृत्तीने वर पाहिलं. आढं दोरावर लोंबत होतं.

"अर्दं सोडून कसं चालंल?" तो म्हणाला. "चला वर."

आणि ते वर चढले. शालूबाई पुन्हा खिळे देऊ लागली. संध्याकाळपर्यंत आढं बसलं. समीक्षा कंपनीतून आली तेव्हा मी अंगणात होतो, मेंढ्या दोरीने बांधल्या होत्या आणि आईवडील कौलं उचलत होते. तिने विचारलं, आईने पुढचं कौल उचललं. मग तिनेच करंजाखाली जाऊन पाहिलं, परत आली आणि ज्यांच्या आया मेल्या होत्या त्या तीन कोकरांना बाटलीने दूध पाजत बसली. मित्रांनो, दुःख मोठं असलं की घरात गलका होतो असं मला आधी वाटायचं. आमच्या घरात फक्त कामाचे आवाज येत होते.

त्यानंतरचे दिवस सगळे सारखे गेले. भिंत चढली, कौलं बसली, पाऊस आला आणि घर गळलं नाही. निवृत्तीने बायकोला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो कधीतरी बोलेल म्हणून ती वाट पाहत होती, हे मला दिसत होतं. जेवताना तो तोंड उघडायचा, ती हात थांबवायची, आणि तो मीठ मागायचा. बोलला असता तर बरं झालं असतं. तोंडातला शब्द असा दाबून धरला की तो घरभर होतो.

श्रावणात माझ्या घरची नवी चौकट आली. श्रीपती सुतारांचा नातू आदिनाथ ती बसवायला आला. मी तेव्हा वाड्याच्या भिंतीला टेकून ठेवलेला होतो. आता मला घासूनपुसून परत नेतील, नवा रंग देतील, असं माझ्या मनात आलं. मला घरी जायचं होतं. तुम्हाला हसू येईल, पण सहा महिन्यांत मला काही हवंसं वाटलं असेल तर ते एवढंच.

आदिनाथने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला की लाकूड अजून खणखणीत आहे. मग पेन्सिल कानावरून काढत त्याने विचारलं, आतच उघडायचं ना?

शालूबाई लेंड्या भरत होती. तिने पाटी खाली ठेवली. "घराला दुसरं कर. ह्ये वाड्यालाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आन् दोन्ही भायेर उघडणारी कर."

वाड्याचं ठीक, पण घराचं दार बाहेर कुणी उघडतं का, असं आदिनाथ हसून म्हणाला. लक्ष्मीला मागं सरावं लागेल, वहिनी.

"सरंल की दोन पावलं," शालूबाई म्हणाली. "आत असत्यात त्यांना आदी भायेर पडता याया पायजे."

आदिनाथ हसायचा थांबला. निवृत्ती वाड्याच्या मागच्या भिंतीवर नवे दगड रचत होता. तो तिथूनच, वळून न बघता बोलला.

"भिंतीचं दगड म्याच काडलं व्हतं."

आदिनाथने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

"व्हय," शालूबाई म्हणाली. मग ती गेली, एक दगड उचलला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो थरावर ठेवला. तिने दुसरा दिला. भिंत पुरी होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

तेव्हापासून मी मेंढवाड्याचा दरवाजा आहे. आमच्या वाडीत घराचं दार बाहेर उघडणारं हे एकच घर. पाहुणे आले की पायरीवरून खाली उतरतात, दार उघडतं, मग वर चढतात. सुरुवातीला लोकांनी थट्टा केली, आता त्यांना सवय झाली. माझा हिरवा रंग उडाला आहे, अंगाला लेंड्यांचा वास येतो, आणि मला पुन्हा कोणी रंग देईल असं वाटत नाही. चालायचंच.

मित्रांनो, तुमच्या घरी काही मोडलं, काही नवं बसवलं, तर एक करा. आत कोण राहणार आहे ते आधी बघा आणि त्याच्या बाजूने दार लावा. आजचं काम उद्यावर ढकलून तात्पुरतं काही लावलंत तर ते तात्पुरतं आहे हे विसरू नका. मी इथे महिन्याभरासाठी आलो होतो.

रोज संध्याकाळी मेंढ्या आत गेल्या की शालूबाई मला लावते. दोन पावलं जाते. मग परत येते, तार सोडते, मला एकदा बाहेर ओढून पाहते, आणि पुन्हा लावते. मी उघडतो. रोज उघडतो.