कुंपणाची तार

आमच्या लेमविगच्या शेतावर नवा जावई आला की बाबा त्याला गाईंच्या कुंपणापाशी नेतात. तारेत बॅटरीची वीज असते, ठोक्याठोक्याने येते. बाबा रबरी बूट घालून तार मुठीत धरतात. रबरामुळे वीज जमिनीत उतरत नाही, म्हणून त्यांना काही होत नाही. जावयाला मात्र ओल्या गवतात अनवाणी उभं करतात. याला ते गंमत म्हणतात.

माझ्या नवऱ्याने, विलाड्सने, तार धरली आणि तो किंचाळत शेणात पडला.

"काय हो जावईबापू, एवढ्यात आडवे?" बाबा तार धरूनच खदाखदा हसत होते. "हिच्या आईलाही लग्नाच्या दिवशी अशीच नाचवली होती! पुढेही उलटून बोलली की इथेच आणायचो."

आईने शांतपणे आपले बूट काढले. ओल्या गवतातून ती चालत आली आणि तिने बाबांचा मोकळा हात घट्ट धरला.

तारेतली वीज बाबांमधून आईत आणि आईतून जमिनीत गेली. दोघांनाही सारखाच झटका बसला. बाबा कोसळले. आई उभीच होती.

"अगं, तुला नाही बसला?" मी ओरडले.

"बसला की," बूट चढवत आई म्हणाली. "मला सवय आहे."