दुसरा हात कुणाचा?

मी एक नावाडी बोलतोय. उंचीने तुमच्या अंगठ्याएवढा, अंगाने धातूचा. जन्माने मात्र मी नावाडी नाही. साच्यातून निघालो तेव्हा शिपाई होतो. हातात बंदूक, डोक्यावर उंच टोपी आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. त्यामुळे मी जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं कानांनी ऐकलेलं आणि अंगाला जाणवलेलं.

मला विकत आणलं ते दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराने. दिवसभर तो लोकांचे दात घडवायचा आणि संध्याकाळी घरी बसून माझ्यासारख्या शिपायांतून साधी माणसं घडवायचा. कुठला जुन्या काळचा मेंढपाळ, कुठली विणकरीण, कुठे मिठाची गोणी वाहणारा. पहिल्याच दिवशी त्याने बारीक करवतीने माझा हात खांद्यापासून उतरवला. टोपी कानशीने घासली, बंदुकीचे तुकडे केले. पुढे तांब्याची तार घालून हात परत बसवला, हातात वल्हं दिलं, पुट्टी थापून सैल बंडी चढवली, हे खरं. पण एकदा हात कापणाऱ्यावर कोण भरवसा ठेवणार? माणसं जवळ आली की मी मनातल्या मनात अंग आखडूनच घ्यायचो.

मग रंग सुरू झाला. मला बुचावर चिकटवून तो भिंगाखाली धरायचा. त्याच्या बोटांना मेणाचा आणि प्लास्टरचा वास यायचा. ब्रश टेकवण्याआधी तो श्वास रोखायचा. तरी ब्रशचं टोक माझ्या बंडीच्या काठावर थरथरतच उतरायचं. "छे!" म्हणून तो पुसायचा, आणि परत तेच व्हायचं.

दुपारी तो कामावर असताना दुसराच हात यायचा. हलका, साबणाचा वास असलेला. आधी मला भिंगाखाली बराच वेळ नुसता फिरवायचा. मग काठावरची वाकडी रेघ एका दमात सरळ करून निघून जायचा. तोंडातून शब्द नाही. मला ही लक्षणं काही ठीक वाटत नव्हती. चोरून भलं करणाऱ्याचा तर मला जास्तच संशय येतो.

घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. शिवाय त्याचा दोस्त, कोपऱ्यावरचा चष्मेवाला, दुपारी दुकान बंद करून चहाला यायचा. त्यालाही छोट्या मूर्ती रंगवायचा नाद, आणि हात धुण्याचा त्याहून मोठा नाद. दोघंही येत्या प्रदर्शनातल्या स्पर्धेत उतरणार होते.

एका सुट्टीच्या दिवशी कारागिराने त्याला धरलंच. "खरं सांग, माझ्या नावाड्याला हात तूच लावतोस ना?"

"मी? काय बिघडवलंय त्याचं?"

"बिघडवलं नाही. सुधारलंय."

"अरे, मग मी कसा असेन? मला बक्षीस नको का?" चष्मेवाला कप आपटून निघून गेला. पुढे कित्येक दिवस तो फिरकलाच नाही.

तरी साबणाचा हात येतच राहिला. तेव्हा कारागिराने माझ्या बुचाभोवती टेबलावर प्लास्टरची बारीक भुकटी पसरली. संध्याकाळी बायको चहा घेऊन आली. तो काहीतरी बोलता बोलता थांबला, एवढंच मला ऐकू आलं. तिच्या बाहीला पांढरं लागलं होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी तो भर दुपारी घरी आला. दाराची कडी वाजली तेव्हा हलका हात माझ्या बंडीवरच होता. तो हात जागचा हलला नाही.

"दार लावा. वारा येतोय," ती म्हणाली.

"म्हणजे तू! कशासाठी? माझी कीव आली म्हणून?"

"कीव कसली! तुम्ही आताशा बशीत चहा घेत नाही. दाढी करायला दार लावून बसता. विचारलं तर अंगावर येता. मला वाटलं दारू, नाहीतर दुसरी कुणी. तुमचे खिसेसुद्धा तपासले. शेवटी म्हटलं, हा बाहुला तरी खरं सांगेल. रोज भिंगाखाली बघत गेले. रेघ वाकडी होत चालली होती."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो बसला असावा.

"मग सरळ का केलीस?"

"बघवेना म्हणून. आणि हात शिवशिवले. लग्नाआधी मी स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग भरायचे, विसरलात?"

मग तो हळूच म्हणाला, "दोन कवळ्या नीट बसेनात म्हणून परत आल्या. साहेबांना माझ्या हाताचं अजून माहीत नाही. काम गेलं तर मी करू काय?"

तिने ब्रश पाण्यात खळबळला.

"याचे डोळे राहिलेत," तो म्हणाला. "ते माझ्याच्याने व्हायचे नाहीत. तू कर."

"करते. आधी डॉक्टरकडे चला."

तो आज-उद्या करत राहिला आणि मी आंधळाच राहिलो. प्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेला. नसांचा आजार निघाला. गोळ्यांनी कंप आवरेल, पण जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येताच तिने माझा उजवा डोळा रंगवला. मला पहिल्यांदा दिसलं ते भिंगातून मोठं झालेलं तिचं बुबुळ. ओलं होतं. मागे तो उभा होता, खुर्चीची पाठ घट्ट धरून.

मग तिने ब्रश त्याच्या हातात दिला. "दुसरा तुमचा."

तो डोळा थोडा सरकला. तिने सुधारला नाही.

प्रदर्शनात परीक्षक वाकून म्हणाले, "याची नजर फार संशयी आहे. मुद्दाम केलीय?" कारागीर गडबडला. तेवढ्यात मागून चष्मेवाला म्हणाला, "मुद्दामच. पैलतीरी नेणाऱ्याला बोटीतल्यांवर नजर नको?" बक्षीस चष्मेवाल्यालाच मिळालं. दोघांची गट्टी पुन्हा जमली.

आता मी काचेच्या कपाटात असतो. साहेबांना कारागिराने हाताचं स्वतःहून सांगितलं. आता तो कवळ्या घडवत नाही, तयार झालेल्या तपासतो. घरी माणसं तो जुळवतो आणि ती रंगवते. माझं मागणं एवढंच, की संशय आला तर तो असा समोरासमोर घ्या. या घरात आता तसाच घेतात.

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

"तोंड उघडा बघू."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या दातांशी झटलेला तो माणूस निमूटपणे आ करतो.